मुलाला बापाचे नाव मिळवताना सुरुवात डीएनएपासून नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘मुलाच्या दाखल्यावर बापाचे नाव लावायचे आहे, वकील द्यायची ऐपत नाही, डीएनए कुठे करून मिळेल?’ सातारा-सांगलीच्या तालुका कोर्टांच्या आवारात हा प्रश्न नेहमी ऐकू येतो आणि त्याची सुरुवातच उलट्या टोकाने होते. खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून आणलेला अहवाल कोर्टात बाजूला पडतो. नमुना नक्की कोणाचा होता याचा पुरावा त्यात नसतो. पितृत्वाचे काम कागदांपासून सुरू होते, अर्जाने पुढे सरकते आणि गरज उरलीच तर डीएनएपाशी पोचते. पदरचा वकील न लावता हे सगळे करता येते. मात्र कागदांचा क्रम चुकला तर मूल शाळेत जाऊन दहावीला येते, तरी नाव लागत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी लग्नाची स्थिती पाहावी, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याचे कलम ११६, म्हणजे जुन्या कायद्याचे ११२, सांगते की लग्न टिकून असताना किंवा लग्न मोडल्यापासून २८० दिवसांत, आईने पुन्हा लग्न केलेले नसताना, जन्मलेले मूल कायद्याने त्या नवऱ्याचेच. आईने काहीही सिद्ध करायचे नसते. नवऱ्याला नाकारायचे असेल तर गर्भ राहिला त्या काळात दोघांची गाठ पडणे शक्यच नव्हते, हे त्याने दाखवायचे असते. ‘मला संशय आहे’ एवढ्यावर कोर्ट हलत नाही. आपल्याकडे घरटी एक फौजी असलेली गावे आहेत. तिथे असा वाद निघालाच तर पलटणीकडची रजेची नोंद दोन्ही बाजूंना तोंडी साक्षीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

याच कलमाने अनेक बायका अडचणीतही येतात. पहिल्या नवऱ्याशी गावबैठकीत किंवा स्टॅम्पपेपरवर ‘सोडचिठ्ठी’ झालेली असते, कोर्टाचा घटस्फोट नसतो आणि दुसऱ्या माणसापासून मूल होते. रूढीने घटस्फोटाची पद्धत आहे हे पुराव्याने सिद्ध झाल्याशिवाय असल्या कागदाने लग्न मोडत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत मुलाचा बाप पहिला नवराच राहतो. दुसऱ्याने हात झटकले की त्याच्या बाजूचा पहिला प्रश्न हाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की हे गृहीतक खोडले जात नाही तोवर औरसपणा आणि पितृत्व वेगळे काढता येत नाही. अशा प्रकरणात पहिल्या नवऱ्याशी संबंध तुटले होते, हे बाईलाच आधी दाखवावे लागते. वेगळे रेशनकार्ड, माहेरचा रहिवासी दाखला, त्याच्याविरुद्ध आधीची तक्रार किंवा नोटीस, तो कामाला परगावी होता याचा कागद, यातले जे हाताशी असेल ते अर्जासोबतच लावावे.

नोटरीसमोर केलेले ‘लग्न’ हे लग्न नव्हे, पण तो कागद फाडू नका. त्यावर त्या माणसाची सही आणि फोटो असतो, त्यामुळे संबंध त्याने स्वतः कबूल केल्याचा तो पुरावा ठरतो. पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याने रद्दबातल असले, तरी कलम १६ मुळे त्यातले मूल औरसच धरले जाते. आईबापांच्या हिश्श्यातून त्याला वाटा मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी सांगितले आहे. कसलेच लग्न नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बापाच्या जमिनीत हक्क येत नाही, पण पोटगीचा हक्क पूर्ण राहतो. म्हणून ‘लग्नच नाही, मग काय मिळणार’ असे सांगून परत पाठवणाऱ्याचे ऐकू नये.

आता जन्मनोंद. ती जन्म जिथे झाला तिथे होते, आईच्या गावी नव्हे. जत, कवठेमहांकाळचे बाळंतपण मिरजेत झाले तर नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आणि पाटणचे कराडला झाले तर कराड नगरपालिकेत. ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही. नोंद २१ दिवसांत करायची. वर्ष उलटले की कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाप कबूल असेल तर दोघांचा सहीचा संयुक्त अर्ज, दोघांचे आधार आणि प्रतिज्ञापत्र द्यावे. आईच्या एकटीच्या प्रतिज्ञापत्रावर बापाचे नाव चढत नाही. बाप नाकारत असेल तर तो रकाना कोरा ठेवून नोंद करून घ्यावी. अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता दाखला मिळालाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५ चा निकाल आहे.

कोऱ्या रकान्याची लाज वाटून बापाच्या जागी मामाचे किंवा आजोबांचे नाव घालतात. कृपा करून असे करू नका. पुढे खऱ्या बापाविरुद्ध उभे राहिल्यावर तोच दाखला तुमच्या विरोधात दाखवला जातो आणि आधी ती नोंद दुरुस्त करत बसावे लागते. दुरुस्तीला जाणकार दोन माणसांचे निवेदन लागते, आणि बाप बदलण्याइतकी मोठी दुरुस्ती निबंधक कोर्टाच्या हुकमाशिवाय सहसा करत नाही. प्रतिज्ञापत्राबद्दल एवढेच, की कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद चालतो.

सगळ्यात मोलाचे कागद दवाखान्यात पडून असतात आणि त्यांचा विचार शेवटी होतो. आशाताईंनी किंवा आरोग्यसेविकेने भरलेले माता व बाल संरक्षण कार्ड काढून पाहा. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख असते आणि तिच्यापुढे २८० दिवस मोजून काढलेली बाळंतपणाची अपेक्षित तारीख असते. गर्भ राहतो तो साधारण पाळीच्या तारखेनंतर दोन आठवड्यांच्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर हा अंदाज आणखी पक्का होतो. या दोन-तीन आठवड्यांत तो माणूस कुठे होता, दोघे कुठे भेटत किंवा राहत होते, हे अर्जात तारखेनिशी लिहिता आले तर अर्धे काम झाले. ‘आमचे संबंध होते’ एवढेच मोघम लिहिलेले अर्ज उलटतपासणीत टिकत नाहीत.

दुसरा कागद त्याहून बोलका. सिझेरियनच्या किंवा भूल देण्याच्या संमतीपत्रावर ‘पती/नातेवाईक’ या ओळीपुढे कोणाची सही आहे ते पाहा. दवाखान्यात त्या रात्री धावपळ करणारा माणूस पुढे नाकारतो, पण सही राहते. ॲडमिट करतानाचा फॉर्म, डिस्चार्ज कार्ड आणि बिल कोणी भरले त्याची पावती, हे सगळे लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, पण आंतररुग्णांचे रेकॉर्ड तीनच वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. मूल चार वर्षांचे झाल्यावर गेलात आणि ‘रद्दीत गेले’ असे उत्तर मिळाले, तर भांडायला जागा उरत नाही.

मोबाइलमधले मेसेज, फोटो आणि फोनपे-गुगलपेने पाठवलेले पैसे यांच्या नुसत्या छापील प्रती देऊन भागत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचे प्रमाणपत्र सोबत लागते. त्याचा ‘अ’ भाग ज्याचा फोन त्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा आकडा, येते. ते होईपर्यंत फोन विकू नका, रीसेट करू नका, चॅट खोडू नका. मूळ फोन जपलेला असला तर वाटेतल्या चुका सावरता येतात.

आता अर्ज. सोपी आणि सगळ्या धर्मांना खुली वाट म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे पूर्वीचे १२५. अपत्य औरस असो की अनौरस, बापाला पोटगी द्यावी लागते आणि तो ‘मूल माझे नाही’ म्हणाला की त्याच अर्जात पितृत्वाचा मुद्दा निघतो. हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत राहत असाल तर तिथे द्यायचा. आपली हद्द कोणती, ते फायलिंगच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावे. खालच्या कोर्टात मराठी अर्ज चालतो. पोटगीच्या प्रकरणात महिलेला महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. वकील नसला तरी पक्षकार स्वतः उभा राहू शकतो. कौटुंबिक न्यायालयात तर १९८४ च्या कायद्याचे कलम १३ सांगते की वकील देणे हा कोणाचा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते.

अर्ज अडतो तो बहुधा दोन ठिकाणी. पहिली जागा हद्दीची. पत्नी स्वतः राहते तिथे अर्ज करू शकते. अविवाहित आईसाठी मात्र कलम १४५ चे शब्द वेगळे आहेत. तो माणूस जिथे आहे किंवा राहतो, अथवा मुलाच्या आईसोबत जिथे शेवटचा राहिला, तिथे अर्ज करायचा. विट्याच्या मुलीने विट्यात अर्ज केला आणि माणूस कराडचा, एकत्र राहणेही कराडलाच, तर हद्दीच्या हरकतीवर वर्ष वाया जाऊ शकते. खानापूर-आटपाडीकडचे गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक कामानिमित्त देशभर असतात. त्यांच्या बाबतीत गावातल्या घराचा पत्ता आणि कामाच्या गावचा पत्ता, दोन्ही अर्जात द्यावेत. समन्स बजावता आले नाही की तारखांवर तारखा पडतात आणि अपुरा पत्ता हे त्याचे नेहमीचे कारण असते.

दुसरी जागा नावाची. आई एकटीच ‘पत्नी’ म्हणून अर्जदार होते, लग्न सिद्ध होत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. मुलाचा हक्क मात्र लग्नावर अवलंबून नव्हताच. म्हणून मुलाला स्वतंत्र अर्जदार करावे आणि नावापुढे ‘अज्ञान, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई’ असे लिहून तिचे नाव घालावे. आईचा दावा पडला तरी मुलाचा उभा राहतो.

अर्जात क्रमांक घालून लिहावे: ओळख कधीपासून, राहणे कुठे, जन्माची तारीख, त्याने नाकारल्याची तारीख, मुलाचा महिन्याचा खर्च आणि त्याचे उत्पन्न. अंतरिम पोटगीची मागणी त्याच दिवशी वेगळ्या अर्जाने करावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निकाल द्यावा असे कायदाच म्हणतो. अर्ज ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांची संख्या अधिक एक इतक्या प्रती काढाव्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. तो नमुना मागून घ्या. आपल्याकडे ‘मी बेरोजगार’ म्हणणाऱ्याच्या नावावर चार एकर ऊस निघतो. त्याचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन कोणालाही काढता येतात, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत. ऊसबिल किंवा दूधबिल मिळाले नाही तर ते कारखान्याकडून किंवा डेअरीकडून मागवण्याचा अर्ज कोर्टाकडे करता येतो.

स्वतःहून लढणे झेपत नसेल तरी खर्च करावा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक बालकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे विचारले जात नाही. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती आहे आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. आधार, मुलाचा दाखला आणि एका पानाचा अर्ज पुरतो. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी कळवावे. आई अठरा वर्षांच्या आतली असेल तर मात्र हा रस्ताच वेगळा. तिथे पोलीस आणि बालकल्याण समिती आधी, १०९८ वर फोन करावा.

एवढे झाल्यावर, आणि पुढच्याने लेखी म्हणण्यात पितृत्व नाकारल्यावर, डीएनएचा अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालय १९९३ पासून सांगत आले आहे की ही चाचणी मागितली म्हणून देता येत नाही. प्रथमदर्शनी पुरावा हवा आणि मुलाचे हित पाहिले पाहिजे. म्हणूनच दवाखान्याचे कागद आधी दाखल झालेले असावेत. दुसरीकडे, अहवाल आलाच आणि तो कायद्याच्या गृहीतकाच्या विरुद्ध गेला, तर विज्ञानाचे सत्य वर ठरते, असे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये नागपूरच्या प्रकरणात ठरवले. तेव्हा नवऱ्याचेच मूल असल्याची खात्री असलेल्या पत्नीने कलम ११६ हातात असताना स्वतःहून चाचणीचा आग्रह धरायचे कारण नाही.

नमुना घेताना स्वतः लक्ष ठेवावे. कोर्टाच्या पत्राने सरकारी रुग्णालयात आई, मूल आणि तो माणूस, तिघांनाही एकाच दिवशी बोलवून घ्यावे. प्रत्येकाचा ओळख फॉर्म, त्यावर फोटो, अंगठा, सही आणि डॉक्टरांचा शिक्का. भावाला किंवा मित्राला पुढे करण्याचा प्रकार इथेच अडतो, म्हणून फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटला आहे ना, हे पाहावे. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेतात. घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावी लागते, नाहीतर गुठळी होते. नळी बर्फाच्या डब्यात जाते, फ्रीजरमध्ये ठेवत नाहीत. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला तर काडी वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. ओली काडी प्लॅस्टिकमध्ये बंद केली की बुरशी येते आणि नमुना वाया जातो. कोणाला अलीकडे रक्त चढवले असेल तर तेव्हाच सांगावे. सीलबंद नमुने सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, जशी मुंबईत कलिनाची. पाठवल्याच्या पत्राची नक्कल मागून घ्यावी.

अहवालात आकड्यांचा तक्ता येतो, तो घाबरण्यासारखा नसतो. डीएनएवरच्या प्रत्येक जागी प्रत्येकाचे दोन आकडे असतात, मुलाचा एक आईकडून आणि एक बापाकडून. समजा मुलाचे १२ आणि १५, आईचे १२ आणि १४. मग १५ बापाकडूनच आला. त्या माणसाचे १५ आणि १७ असतील तर जागा जुळली, १३ आणि १६ असतील तर नाही. पंधरा-वीस जागा अशा तपासतात. एखादी जागा नैसर्गिक बदलाने चुकू शकते, म्हणून एका न जुळण्यावर बाप नाही असे म्हणत नाहीत. साधारण तीन किंवा जास्त जागा जुळल्या नाहीत तर तो बाप नव्हे. तो माणूस वारला असेल तर मुलगा असल्यास आजोबा किंवा चुलत्याशी वाय गुणसूत्र ताडून पाहता येते, पण त्यातून घराणे कळते, दोन भावांपैकी कोण ते कळत नाही.

तो माणूस नमुना द्यायला आलाच नाही तर ‘आई व मूल हजर, सामनेवाला गैरहजर’ असे पत्र डॉक्टरांकडून त्याच दिवशी घ्यावे आणि कोर्टात दाखल करून रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) नोंद करवावी. चाचणी टाळणाऱ्याविरुद्ध कोर्ट प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१४ चा निकाल आहे. तो वापरायचा तर टाळाटाळ कागदावर दिसली पाहिजे.

बाप मधेच कबूल झाला तर तोंडी तडजोडीवर अर्ज काढून घेऊ नका. लोकअदालतीत निवाडा करून घ्यावा. त्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. निवाड्यात ‘हे मूल माझे आहे, जन्मनोंदीत माझे नाव लावण्यास संमती आहे’ हे वाक्य स्पष्ट हवे. एकरकमी पैसे घेऊन ‘पुढे मुलाचा हक्क राहणार नाही’ असे लिहून देणाऱ्या आईने जाणावे की मुलाचा पोटगीचा हक्क तिला सोडता येत नाही. वारसा आणि मिळकतीसाठी मात्र पोटगीचा हुकूम अपुरा पडतो. त्यासाठी दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयातून पितृत्वाची घोषणा, म्हणजे तसा जाहीर निकाल, मिळवावी लागते. पोटगीच्या हुकमाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे झाले, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) बसते.

निकाल लागला की प्रमाणित नक्कल घेऊन लगेच जन्मनोंद दुरुस्त करावी आणि तो दाखला मुलाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला लावावा. शाळा सुटल्याचा दाखला निघाल्यावर हे काम कितीतरी पटीने अवघड होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात मुलाचे नाव, आईचे नाव, मग बापाचे नाव आणि आडनाव हा क्रम शासनाने ठरवला आहे, त्यामुळे आईचे नाव गाळायचे कारण नाही. बाप सैन्यात असेल तर हुकमाची नक्कल त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरांना रजिस्टर पोस्टाने पाठवावी. आर्मी ॲक्ट, १९५० मध्ये औरस आणि अनौरस, दोन्ही अपत्यांसाठी पगारातून कपात करण्याची तरतूद आहे. इतरांनी हप्ता थकवला तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. वर्ष उलटलेल्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही, म्हणून तीन महिने थकताच अर्ज द्यावा.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
तासगाव, जि. सांगली